आम्ही सातवे आलो

आमच्या घरात लहानपणी दोन शब्दांना बंदी होती. एक 'साप'. दिवेलागणीनंतर साप म्हणायचं नाही, 'जनावर' म्हणायचं, असा आजीचा दंडक होता. दुसरा शब्द 'रेस'. सापाला निदान दिवसाउजेडी मोकळीक होती, रेसला तीही नव्हती. चौथीत असताना शाळेच्या संमेलनात पोत्यात पाय घालून पळण्याच्या शर्यतीत माझा दुसरा नंबर आला आणि मी दारातूनच ओरडलो, "आजी, सॅक-रेसमध्ये मी दुसरा!" आजीने हातातला झारा कढईत सोडला, देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्यातही उतरलं वाटतं." बक्षीस म्हणून मिळालेली साबणाची डबी आमच्या घरात कोणी वापरली नाही.

ह्या दहशतीचं मूळ म्हणजे आमचे काकाआजोबा, आजोबांचे धाकटे भाऊ. मुंबईत एका कचेरीत कारकून होते, आणि माणूस म्हणे हिरा होता. पण १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली आणि हिऱ्याला चीर गेली. आज ज्या गाडीचा वाढदिवस आम्ही पुणेकर इंजिनाला हार घालून आणि केक कापून साजरा करतो, जिच्या पासवाल्यांच्या शिस्तीबद्दल परगावच्या पाहुण्यांना ऐकवतो, ती गाडी सुरुवातीला शनिवार-रविवारी धावायची आणि तिच्यात बसून मुंबईची शौकीन मंडळी पुण्याला घोड्यांच्या शर्यतींना यायची. ही गोष्ट वाढदिवसाच्या भाषणात कोणी काढत नाही. त्यातून त्या गाडीला तेव्हा थर्डक्लास नव्हता, तो आला १९५५ साली. म्हणजे काकाआजोबांचे पैसे घोड्यावर लागण्याआधी इंजिनावरच बरेचसे लागत असणार. पुढचा हिशेब आजीच्या पाटल्यांना सांगता आला असता. पण त्या एका पावसाळ्यात, चार शनिवारांत मिळून, गेल्या.

काकाआजोबा पुढे आमच्याकडेच राहायला आले. मला आठवतात ते म्हातारे. झोपाळ्यावर बसून आम्हा पोरांकडून पावकी-निमकी घोकून घ्यायचे. रेसबद्दल अवाक्षर नाही. मात्र त्यांच्याबरोबर मंडईत जाताना एक गोष्ट हटकून व्हायची. टांगा उभा दिसला की ते थबकायचे आणि घोड्याच्या पायांकडे बघत राहायचे. तोंडाकडे नाही, पायांकडे. मग टांगेवाल्याला हळूच म्हणायचे, "डावा पुढचा दुखतोय रे त्याचा." आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला पश्चात्ताप होतोय.

हा सगळा पूर्वेतिहास सांगण्याचं कारण म्हणजे आमचा कट्टा.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी, गुलमोहराखाली, सिमेंटचा एक बाक आहे. शनिवार-रविवारी सकाळी फिरायला म्हणून निघालेली आम्ही चार-पाच निवृत्त माणसं त्या बाकापर्यंत पोचतो आणि दमतो. त्यात कर्नल आहेत. ते सैन्याच्या हिशेबखात्यात होते. बंदूक त्यांनी फक्त बिलात पाहिली, पण त्या बिलावर असा शेरा मारला की बंदूक दोन वर्षं आली नाही. डॉक्टर आहेत. ते गांडुळांवर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. तरी शेजारणी त्यांना ब्लडप्रेशरची गोळी विचारतात आणि ते सांगतातही. आणि मॅनेजर आहेत. सारी हयात बँकेत कर्जं नाकारण्यात गेल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक कायमचा नकार आहे. कट्ट्याची नीतिमत्ता त्यांच्या ताब्यात असते.

शनिवारचा विषय खेळ. रविवारचा विषय, शनिवारचा अपुरा राहिलेला खेळ. आमच्यापैकी कोणीही पंचवीस वर्षांत धावलेला नाही, बसमागेसुद्धा नाही. पण बोलण्याचं एक व्याकरण ठरून गेलेलं आहे. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये भारताने टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप घेतला तेव्हा बाकावरचा प्रत्येक जण म्हणत होता, "आपण जिंकलो." सूर्यकुमारचा तो सीमारेषेवरचा झेल डॉक्टरांनी इतक्या वेळा करून दाखवला, की शेवटी त्यांचा चष्मा गटारात गेला. त्याआधी १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला ऑस्ट्रेलियाने फायनलमध्ये लोळवलं, त्या आठवड्यात मात्र बाकावर 'आपण' औषधालाही नव्हतं. "ह्या लोकांना फायनल झेपतच नाही." "हे खेळणार की जाहिराती करणार?" जिंकलो ते आपण, हरले ते हे लोक. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत मुलींनी वर्ल्ड कप आणला, तेव्हा ज्या कर्नलांनी तोवर मुलींची एक मॅच धड पाहिली नव्हती, तेही छाती काढून 'आपल्या पोरी' म्हणाले. 'आपल्या सांगलीची स्मृती' तर मॅनेजरांच्या तोंडी इतकी, की तिच्या पहिल्या बॅटला ह्यांनीच कर्ज मंजूर केलं असावं.

ह्या बाकावर नाना आले आणि आमच्या सर्वनामांचा घोटाळा झाला.

नाना मुलाकडे राहायला आलेले. काटकुळे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिले दोन-तीन आठवडे ते नुसते ऐकत बसले. एका रविवारी मॅनेजरांनी उदारपणे त्यांना बोलण्याची संधी दिली. "काय नाना, तुमचा काय अंदाज?"

"क्रिकेटमधलं काही कळत नाही हो मला," नाना म्हणाले. "काल आम्ही सातवे आलो."

"कशात?"

"दुसऱ्या रेसमध्ये. चौदाशे मीटर. दहांत सातवे."

मी चटकन मागे वळून पाहिलं. आजी जाऊन चाळीस वर्षं झाली, पण सवय.

नाना म्हणजे पुण्याच्या रेसकोर्सजवळच्या एका तबेल्यात अडतीस वर्षं हिशेबनीस होते. जॉकी नव्हे, ट्रेनर नव्हे, मालक तर नव्हेच. ओट किती आले, सातू किती, कोंडा, लसूणघास, गाजरं, नालबंदाचं बिल, मोतद्दारांचे पगार, असा सगळा हिशेब ते लिहायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी तबेल्याबद्दल बोलताना 'आम्ही' सुटत नव्हतं. आणि गंमत म्हणजे ते 'आम्ही' हरल्यावरही सुटत नव्हतं.

मॅनेजर बाकावरून उठून उभे राहिले. "जुगार तो जुगार!"

"तसं नाही," नाना शांतपणे म्हणाले. "१९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे."

"मग २०१७ साली जीएसटी लावताना सरकारने अठ्ठावीस टक्के का लावले? आणि तेही टोटवर टाकलेल्या अख्ख्या रकमेवर?"

मॅनेजरांना एवढा बारकावा कसा ठाऊक, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

पुढच्या रविवारी नाना म्हणाले, "आम्ही नववे." त्याच्या पुढच्या खेपेला, "आठवे." कर्नलांना एक खेळणंच मिळालं. "काय नाना, घोडा संध्याकाळपर्यंत पोचला का?" नाना गंभीरपणे उत्तर द्यायचे, "पोचला. चारही पायांवर पोचला." आम्ही हसायचो. नाना हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. चहाच्या कपात बघत राहायचे.

पण हळूहळू मी बाकावर त्यांच्या बाजूला बसायला लागलो. माणूस बोलायला लागला की सोडवत नसे. त्यांनी मला हँडिकॅप समजावून सांगितला. घोडा जिंकला की त्याचं रेटिंग वाढतं आणि पुढच्या वेळी त्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. हरत राहिला की वजन कमी कमी होत जातं, खालच्या वर्गात उतरवतात, आणि पाचव्या वर्गाच्या खाली वर्गच नाही. मी म्हटलं, "नाना, आमच्या ऑफिसात हेच होतं. जो काम करील त्याच्या टेबलावर आणखी फायली." नाना म्हणाले, "फरक एवढाच, की घोड्याला ते कळत नाही. तो दर वेळी जीव तोडून पळतो."

रेसच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. जन्म केव्हाही होवो, १ जानेवारीला सगळे एकदम एक वर्षाने मोठे. मला आमचे प्राथमिक शाळेचे हेडमास्तर आठवले. त्यांनी अख्ख्या वर्गाचा जन्म १ जूनला लावून दिला होता. माझाही. म्हणजे दख्खनच्या राणीचा आणि माझा वाढदिवस एक! आजी हयात असती तर तिने दाखला बदलून आणायला लावला असता.

आणि नावं! घोड्याचं नाव इंग्रजीत अठरा अक्षरांच्या आत बसवावं लागतं. 'स्क्वांडरर' नावाच्या घोड्याने १९७७ साली डर्बी जिंकली, ट्रिपल क्राउन घेतला. एकूण एकोणीस शर्यती पळाला, त्यांतल्या अठरा जिंकला. "बघा, नाव काय तर उधळ्या!" नाना म्हणाले. "आणि आमच्याकडे कुबेर, भाग्यवान असल्या अर्थाच्या नावांची जनावरं नुसता दाणा खाऊन बसली." १९४३ ची पहिली इंडियन डर्बी एका घोडीने जिंकली, 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' तिचं नाव, आणि ती बडोद्याच्या महाराजांची, हे सांगताना तर ते घरातल्या पोरीचा दहावीचा निकाल सांगावा तसे सांगत. त्याच प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ साली इंग्लंडात अठ्ठावीस हजार गिनी मोजून एक शिंगरू घेतलं, त्याचं नाव ठेवलं 'सयाजीराव', आणि १९४७ साली त्या सयाजीरावाने तिथली सेंट लेजर मारली.

"आणि १९५१ साली महाराजांना सरकारने गादीवरून काढलं, ते सांगा की!" पलीकडून मॅनेजर म्हणाले. त्यांचं आमच्याकडे लक्ष नाही असं मी समजत होतो.

सातव्या-आठव्या येणाऱ्या त्या घोड्याचं कागदावरचं नाव असंच लांबलचक इंग्रजी होतं. तबेल्यात त्याला 'बाळ्या' म्हणत. वय सहा. आदल्या सीझनला त्याच्या डाव्या पुढच्या पायाची शीर दुखावली आणि तो आठ महिने पागेत उभा होता. 'डावा पुढचा' हे शब्द ऐकून मला उगीचच झोपाळ्याची कडी वाजल्यासारखी वाटली.

"मालक वाईट नाहीत," नाना म्हणाले. "पण घोडा पोसायचा म्हणजे काय चेष्टा आहे? ह्या पुण्याच्या सीझनमध्ये त्याने निदान आपला दाणा तरी कमवावा, असं म्हणतात. नाहीतर काढणार."

"काढणार म्हणजे?"

"रायडिंग स्कूलला गेला तर नशीब. नाहीतर..." पुढचं वाक्य नानांनी चहाबरोबर गिळलं.

"ह्या रविवारी पळतोय," थोड्या वेळाने ते म्हणाले. "येता?"

हो म्हणायला मला लागलेला वेळ फार नव्हता, हे इथे कबूल केलेलं बरं.

घरी सांगताना मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची दहशत आडवी आली. "एम्प्रेस गार्डनला जाऊन येतो," मी म्हणालो. हे अगदीच खोटं नव्हतं. एम्प्रेस गार्डन रेसकोर्सला लागूनच आहे.

"श्रावणातल्या रविवारी? पावसात? कशाला?" ही म्हणाली.

"झाडं बघायला."

"घरातल्या तुळशीला पाणी घाला म्हटलं तर गुडघा दुखतो." तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि छत्री हातात दिली.

पुण्याचं रेसकोर्स १८३० पासूनचं. जागा लष्कराची, आणि मुंबईकरांच्या महालक्ष्मीला हिवाळ्यात बहर येतो तसा इथे पावसाळ्यात. काकाआजोबांच्या पापाच्या ह्या मूळपीठाबद्दल माझ्या मनात जे चित्र होतं त्यात लाल दिवे, सिगारेटचा धूर आणि कोपऱ्यात रडणाऱ्या बायका होत्या. प्रत्यक्षात होती ती हिरवीगार ओली हिरवळ आणि छत्र्या. आणि आमच्यासारखीच माणसं! तीच मळखाऊ विजार, तोच खिशातला चष्म्याचा डबा. फक्त प्रत्येकाच्या हातात रेसचं पुस्तक, आणि ते वाचण्याची एकाग्रता अशी की चातुर्मासात पोथीसमोरसुद्धा मी ती पाहिलेली नाही. दर अर्ध्या तासाने सगळे उठून आरडाओरडा करीत होते आणि दीड मिनिटात पुन्हा पोथीला बसत होते. पाच दिवस कसोटी सामना बघून अनिर्णित निकाल घेऊन घरी येणाऱ्या माझ्यासारख्याला ही काटकसर आवडली.

नानांनी मला थेट पॅडॉकच्या कठड्याशी नेलं. शर्यतीआधी घोडे तिथे गोल फिरवतात. लोक घोड्यांची छाती बघत होते, तकाकी बघत होते, कानात कुजबुजत होते. नाना पायांकडे बघत होते. तोंडाकडे नाही, पायांकडे. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग बाळ्या आला. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, सोबत पावसात भिजलेला एक तरुण मोतद्दार. तो नानांना पाहून हसला आणि त्याने नुसती मान हलवली. नानांनीही हलवली. ह्यापेक्षा मोठी टिप त्या दिवशी मैदानावर कोणी दिली नसेल, पण तिच्यावर पैसे लावता येत नव्हते.

आता आलोच आहे तर, म्हणून मी टोटच्या खिडकीशी गेलो. सगळ्यात लहान तिकीट मागितलं, तेही 'विन'चं नाही, 'प्लेस'चं. पहिल्या तिघांत आला तरी पैसे. हात असा थरथरत होता, की खिडकीतल्या माणसाला वाटलं मी घर लावतोय. तिकीट घेऊन वळलो आणि समोरच्या माणसाच्या गळ्यातली दुर्बीण माझ्या नाकावर आपटली. दुर्बिणीच्या मागे मॅनेजर होते.

आम्ही दोघंही काही क्षण पावसाकडे बघत राहिलो.

"इथलं कँटीन बरं आहे असं ऐकलं," मॅनेजर म्हणाले.

"मी एम्प्रेस गार्डनला आलो होतो," मी म्हणालो.

"हो, जवळच आहे." त्यांनी रेसचं पुस्तक पाठीमागे धरलं होतं. कोपरे झिजलेले होते, आणि आतून पेन्सिलीच्या खुणा कँटीनच्या दरपत्रकाला असतात त्याहून बऱ्याच जास्त दिसत होत्या. आमचा अलिखित करार झाला. बाकावर ह्यातलं काही निघायचं नाही.

रेस सुरू झाली तेव्हा आम्ही तिघं एकाच कठड्याशी उभे होतो. लांबून काही दिसत नव्हतं, मॅनेजर दुर्बीण लावून सांगत होते. "शेवटून दुसरा... शेवटून तिसरा... अहो, आत अडकलाय तो... सुटला!" मग टापांचा आवाज आला. टीव्हीवर हा आवाज ऐकू येतो. इथे तो जमिनीतून, चपलेच्या तळव्यातून येतो. दोन घोडे बरेच पुढे. त्यांच्या मागे एक काळा, आणि त्याच्या बाहेरून, चिखलाने माखलेला, आमचा बाळ्या. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी आणि मॅनेजरांनी एकमेकांचा हात धरला होता आणि बँकेच्या माणसाने एवढ्या जोरात हात धरण्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग.

तिसऱ्या नंबरासाठी फोटो! फोटोत काळ्याचं नाक पुढे निघालं. फक्त नाक. आमच्या नाकांवरून तुम्ही अंदाज करू नका, पण एक नाक म्हणजे काही नाहीच. तिसऱ्याचा चौथा झाला आणि माझं तिकीट केराचं झालं. आमच्या घराण्याची परंपरा मी राखली.

"नाना," म्हणून मी वळलो, तर नाना तिथे नव्हते. निकालाच्या पाटीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. घोडे परत येतात त्या बाजूच्या कठड्याला ते छत्रीशिवाय लोंबकळत होते. मी पोचलो तेव्हा बाळ्या समोरून चालला होता, नाकपुड्या फेंदारलेल्या, पोटाचा भाता चाललेला. नाना त्याचा डावा पुढचा पाय प्रत्येक पावलाला मोजत होते.

"सरळ चालतोय," ते पुटपुटत होते. "सरळ चालतोय. सरळ टाकतोय."

"नाना, आपण चौथे आलो," मी म्हणालो.

"चौथे? वा!" त्यांना आत्ता कळत होतं. "चौथ्यालाही बक्षिसातला वाटा असतो. थोडा दाणा सुटेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. पाऊस होताच. "पण खरं काय ते रात्री कळणार. रात्री घोडा खातो का बघायचं. दुखत असलं की दाणा तसाच ठेवतो. अडतीस वर्षं मी वहीत नंबराच्या पुढे तेच लिहायचो, खाल्लं की नाही. ट्रेनरसाहेब हसायचे मला. पण रविवारी रात्री आधी तोच रकाना बघायचे."

त्या रात्री आम्ही जेवायला बसलो होतो आणि फोन वाजला.

"खाल्लं!" नानांचा आवाज. "चाटूनपुसून खाल्लं! पाय पण गार आहेत. आत्ताच पोराचा फोन आला."

"सगळं खाल्लं? अरे वा वा!" मी भाताचा हात तसाच धरून ओरडलो.

"कोणी खाल्लं?" ही म्हणाली.

आणि मग मला सगळं सांगावं लागलं. काकाआजोबांपासून सुरुवात केली, १९९६ च्या सुप्रीम कोर्टाचा आधार घेतला, पहिली डर्बी घोडीने जिंकली हा मुद्दा खास तिच्यासाठी राखून ठेवला होता तोही वापरला. ती आमटी वाढत ऐकत होती.

"सुप्रीम कोर्टाला म्हणावं, आजेसासूबाईंच्या पाटल्या द्या परत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "हरलात किती?"

मी आकडा सांगितला. तेवढ्यात एक मेथीची जुडीही आली नसती.

"आणि त्याचं नाव काय म्हणालात?"

"बाळ्या."

"मग बाळ्याला बघायला जातो म्हणावं सरळ. रेस कशाला म्हणायचं?" तिने ताकाचं भांडं पुढे सरकवलं. "पुढच्या वेळी जाताना फ्रिजमधली गाजरं घेऊन जा. पडून सुकतायत."

घोड्याला परक्या माणसाच्या हातचं काही देत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या तोंडून 'पुढच्या वेळी' निघालं होतं, ते मोडायचा धीर झाला नाही.

मुंबईचा सीझन नोव्हेंबरात सुरू होतो. बाळ्याला महालक्ष्मीला न्यायचं की नाही, ह्यावर मालकांनी तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं. नाना रोज संध्याकाळी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून तबेल्याकडे चक्कर मारत होते एवढंच.

पुढच्या शनिवारी कट्टा भरला. डॉक्टर नवा चष्मा लावून आले होते. इंग्लंडच्या हवेत चेंडू का वळतो, ह्यावर कर्नलांचं सैनिकी विवेचन चाललं होतं. ते संपवून ते नानांकडे वळले. "काय नाना? गेल्या रविवारी कितवे? दहांत अकरावे?"

नाना कपात फुंकर मारत होते. त्यांच्या आधी मीच बोलून गेलो. "आपण चौथे आलो."

"आपण?" कर्नल म्हणाले. "आपण कोण?"

"तिसरेच यायचो. फोटोला गेलं. अगदी थोडक्यात..."

"थोडक्यात कसलं थोडक्यात!" बाकाच्या दुसऱ्या टोकावरून मॅनेजर उसळले. "एक नाक! अहो, एका नाकाने गेलं आपलं!"

डॉक्टरांनी नवा चष्मा काढला आणि मॅनेजरांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.